आमच्या घरात सगळ्यांचंच दुखतं

(करी रोड इथे चाळीतल्या बायका आणि परळ-लालबाग भागातल्या महिला मंडळांच्या कार्यकर्त्या यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा हा संपादित मजकूर. – संपादक)



सभा सुरू व्हायच्या आधी इथे सतरंजी घालताना मी तीन-चार जणींना सहज विचारलं, "तुमच्याकडे पाळीत कोणाचं फार दुखतं का हो?" सगळ्यांनी जवळपास एकच उत्तर दिलं. "कोणाचं म्हणजे? आमच्या घरात सगळ्यांचंच दुखतं!" आणि मग आम्ही सगळ्या हसलो.

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे. माझी आजी ते म्हणायची. आज मला बोलायला सांगितलं आहे एन्डोमेट्रिऑसिस या आजाराबद्दल, तो आईबापांकडून येतो का आणि त्याने मूल होण्यात अडचण येते का याबद्दल. पण खरं म्हणजे मी आजीच्या या एका वाक्याबद्दलच बोलणार आहे.

मी डॉक्टर नाही. बरीच वर्षं बायकांच्या आरोग्याचं काम करते, वाचते, डॉक्टरांना प्रश्न विचारून भंडावते. आणि हा आजार मला स्वतःला झाला. वाढले ती इथेच, करी रोडच्या पुलापासून हाकेच्या अंतरावर. वडील गिरणीत साचेखात्यात होते. आई खानावळ चालवायची, वीस-बावीस माणसांचे डबे. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, जेवणारे गडी हळूहळू गावी गेले आणि खानावळ मोडली. मला पाळी आली ती १९८४मध्ये, तेराव्या वर्षी. घरात पैशाची अशी ओढाताण असताना पोरीच्या पोटदुखीचं कौतुक कोण करणार? मी पोटाशी उशी घेऊन माळ्यावर पडून राहायची. महिन्याला दोन दिवस शाळा बुडायची. आजी म्हणायची, "आमच्या घरात सगळ्यांचंच दुखतं. माझं दुखायचं, तुझ्या आत्याचं दुखायचं. लग्न झालं, पोर झालं की थांबतं."

१९९३ला माझं लग्न झालं. दुखणं थांबलं नाही, पोरही झालं नाही. एका इस्पितळात सांगितलं, "मनाचं आहे." दुसऱ्या ठिकाणी सांगितलं, "मूल होऊ द्या, आपोआप बरं वाटेल." मूल होत नाही म्हणूनच तर मी गेले होते! शेवटी १९९८ साली दुर्बिणीचं ऑपरेशन झालं आणि तेव्हा कळलं. दोन्ही बीजकोशांवर गाठी होत्या, नलिका चिकटलेल्या होत्या. पहिली पाळी आली त्याला चौदा वर्षं झाली होती. पुढे मला मूल झालं नाही ते नाहीच.

सासरी एकच बोलणं झालं. "हे पोरीच्या आईकडचंच असणार." माझ्या आईने ते ऐकलं आणि मनाला लावून घेतलं. जाईपर्यंत तिला वाटत होतं, आपण लेकीला काहीतरी वाईट दिलं. आता गंमत बघा. माझ्या आईचं पाळीत कधी फारसं दुखलंच नव्हतं. दुखायचं ते वडिलांच्या आईचं आणि वडिलांच्या बहिणीचं. पण आमच्या आत्याकडे कोणी बोट दाखवलं नाही. बाईचा आजार म्हटला की तो बाईकडूनच येणार, अशी आपली सगळ्यांची पक्की समजूत.

आता आजार म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. गर्भाशयाच्या, म्हणजे आपण जिला पिशवी म्हणतो तिच्या आत एक अस्तर असतं. ते दर महिन्याला वाढतं आणि गर्भ राहिला नाही की रक्ताबरोबर गळून पडतं. तीच पाळी. या आजारात त्या अस्तरासारखाच थर पिशवीच्या बाहेर रुजतो. बीजकोशावर, नलिकांवर, आतड्यावर, लघवीच्या पिशवीवर, कुठेही. तोही पाळीच्या हार्मोनना दाद देतो, सुजतो, त्यातून रक्त येतं. त्या रक्ताला बाहेर पडायला वाट नसते. मग आत दाह होतो, व्रण होतात, एक अवयव दुसऱ्याला चिकटतो. बीजकोशात जुनं रक्त साठलं की गाठ होते. आतला रंग काळपट तपकिरी, म्हणून डॉक्टर तिला चॉकलेट सिस्ट म्हणतात. काय चॉकलेट ते आमचं आम्हाला माहीत!

जागतिक आरोग्य संघटना सांगते, जगात पाळीच्या वयातल्या दर दहा बायकांमागे साधारण एकीला हा आजार असतो. म्हणजे सुमारे १९ कोटी. आज इथे आपण पन्नास-साठ जणी बसलो आहोत. हिशेब तुम्हीच करा.

तो होतो का? १९२७ साली अमेरिकेतल्या सॅम्पसन नावाच्या डॉक्टरांनी मांडलं की पाळीचं थोडं रक्त नलिकांतून उलटं पोटात जातं आणि त्याबरोबर गेलेल्या पेशी तिथे रुजतात. नंतर लक्षात आलं की असं उलटं रक्त बहुतेक सगळ्या बायकांच्या पोटात जातं. मग आजार दहातल्या एकीलाच का? बाकीच्या नऊ जणींचं शरीर त्या पेशी साफ करून टाकतं, हिचं का करत नाही? इथे अनुवंशाचा प्रश्न येतो.

१९८०मध्ये अमेरिकेत एक साधी पण हुशार तुलना केली गेली. आजार असलेल्या बायकांच्या आया आणि बहिणी एका बाजूला, आणि त्यांच्या नवऱ्यांच्या आया-बहिणी दुसऱ्या बाजूला. माहेरच्या बायकांत शंभरात सुमारे सात जणींना आजार होता, सासरच्यांत एकीला. पुढे जुळ्या बहिणींचा अभ्यास झाला, ऑस्ट्रेलियात १९९९ला आणि स्वीडनमध्ये २०१५ला. दोन्हींचा निष्कर्ष असा की हा आजार कोणाला होतो आणि कोणाला नाही, या फरकातला साधारण निम्मा वाटा अनुवंशाचा आहे.

"निम्मा" या शब्दाने घाबरू नका. आईला आजार असला तर निम्म्या मुलींना होणार, असा त्याचा अर्थ मुळीच नाही. आत्ताच सांगितलं ना, माहेरच्या शंभर आया-बहिणींत सात. म्हणजे त्र्याण्णव जणींना तो आढळला नव्हता. धोका वाढतो, पण नशिबावर शिक्का बसत नाही.

आणि हा एका जनुकाचा खेळ नाही. जनुक म्हणजे आईबापांकडून आलेल्या शरीराच्या घडणीच्या सूचना. थॅलेसेमियासारख्या आजारात एका जनुकातला दोष शोधता येतो. इथे तसं नाही. २०२३ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. आजार असलेल्या ६० हजारांहून जास्त बायका आणि आजार नसलेले ७ लाखांवर लोक यांची जनुकं ताडून पाहिली. ४२ ठिकाणी फरक सापडले. प्रत्येक फरक अगदी बारीक. सगळे एकत्र धरले तरी आजार होण्या-न होण्यातला पाच टक्क्यांच्या आसपासचाच भाग त्यांनी उलगडतो. हे फरक कुठल्या कामाशी संबंधित आहेत? काही गर्भाशयाच्या घडणीशी, काही पाळीच्या हार्मोनशी. आणि काही चक्क दुखणं जाणवण्याच्या यंत्रणेशी. अर्धशिशी, जुनी पाठदुखी यांच्याशी या आजाराचं जनुकांच्या पातळीवर नातं दिसलं. ज्यांना "नाटकं करतेस" असं ऐकावं लागलं त्यांनी हे घरी जाऊन जरूर सांगावं.

पण या अभ्यासातल्या बायका कोण होत्या? युरोपीय आणि पूर्व आशियाई वंशाच्या. आपल्यासारख्या त्यात नव्हत्या. हे काम आता आपल्याकडेही हाती घेतलं गेलं आहे, आणि ते चालतं इथून चालत वीस-पंचवीस मिनिटांवर! परळला के.ई.एम.च्या शेजारी प्रजनन आणि बालस्वास्थ्याची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे. तिच्या पुढाकाराने देशाच्या सगळ्या भागांतल्या बायकांचा या आजारासाठी जनुकीय अभ्यास आखला गेला. ही तीच संस्था, जिने के.ई.एम.बरोबर काम केलं आणि ६ ऑगस्ट १९८६ला तिथे टेस्ट ट्यूब बेबी जन्माला आली. तेव्हा आमच्या चाळीत दोन-तीन दिवस दुसरा विषय नव्हता. जगाचं विज्ञान आपल्या दारात आहे. आपल्या चाळीपर्यंत मात्र ते येत नाही, ते आपण आणायचं आहे.

आता महत्त्वाची गोष्ट. जनुकं निम्मी आईकडून येतात, निम्मी बापाकडून. बापाला पाळी येत नाही, पिशवी नसते, म्हणून त्याच्यात आजार दिसत नाही. पण त्याच्या आईकडून त्याला मिळालेलं तो मुलीला देऊ शकतो. माझ्या बाबतीत तसंच झालं असेल का? खात्रीने सांगता येणार नाही. आजीला चार मुलं झाली. आत्याला एकही झालं नाही, तिच्या नवऱ्याने दुसरी बायको केली आणि ती सवतीची पोरं सांभाळत गावी राहिली. तिच्या पोटात काय होतं ते कोणीही पाहिलं नाही. गावाने "वांझ" एवढं एक निदान केलं आणि तिची फाईल बंद झाली. पण माझ्या आईने आयुष्यभर जो दोष वाहिला तो तिचा नव्हता, हे मी आज या माईकवरून सांगते. दोष तसा कोणाचाच नसतो. नाकाचा आकार दिला म्हणून आपण बापाला शिक्षा करतो का?

मूल होण्याचं म्हणाल तर, हा आजार आणि वंध्यत्व या दोन गोष्टी एक नाहीत. आजार असलेल्या अनेक बायकांना आपसूक मुलं होतात. पण अडचण येते हेही खरं. या आजाराच्या तीस ते पन्नास टक्के बायकांना दिवस राहायला त्रास होतो, असं डॉक्टर मानतात. निरोगी जोडप्यात दर महिन्याला दिवस राहण्याची शक्यता पंधरा ते वीस टक्के धरतात. या आजारात उपचार नसतील तर ती दोन ते दहा टक्क्यांवर येते.

कारणं काय? चिकटलेली नलिका बीज उचलू शकत नाही. पोटातल्या दाहामुळे बीज आणि शुक्रजंतू दोघांनाही त्रास होतो. बीजकोशातली गाठ तिथला बीजांचा साठा कमी करते. आणि नीट लक्षात ठेवा, गाठ काढण्याच्या ऑपरेशननेही साठा कमी होऊ शकतो. म्हणून ऑपरेशनच्या आधी विचारायचं, "डॉक्टर, माझा बीजांचा साठा किती आहे? ऑपरेशननंतर किती राहील? दुसरा मार्ग आहे का?" मला हे विचारायचं असतं हेच ठाऊक नव्हतं. जनुकं थेट कोणाला वांझ करत नाहीत. आजार वर्षानुवर्षं आत पसरतो आणि आपण "सगळ्यांचंच दुखतं" म्हणत बसतो, तेव्हा नुकसान होतं. मूल होत नसेल तर नवऱ्याचीही तपासणी झाली पाहिजे. आपल्याकडे पोटातल्या क्षयानेही नलिका बंद होतात, तेही पाहायला हवं.

काही गैरसमज तर डॉक्टरांनीच पसरवले. १९४०च्या सुमाराला बोस्टनच्या मेग्ज नावाच्या नामवंत डॉक्टरांनी सांगितलं की सुस्थितीतल्या बायका लग्न आणि बाळंतपण लांबवतात म्हणून हा आजार होतो. पुढे तर त्याला "करिअर करणाऱ्या बाईचा आजार" असं नाव पडलं. म्हणजे शिकलेल्या बाईला सुनवायचं, "पोर काढ, बरी होशील," आणि खानावळवालीला, गिरणीतल्या बाईला, मोलकरणीला हा आजार होतो असं कोणाच्या ध्यानीमनीही नाही. बाळंतपण हा या आजारावर इलाज नाही. दिवस असताना बरं वाटलं तरी नंतर पुष्कळ जणींचं दुखणं परत येतं.

दुसरा उपाय आपल्याकडे फार स्वस्तात मिळतो. "पिशवी काढून टाका." बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ बायकांची पाहणी २०१९ साली सरकारी समितीपुढे आली. त्यातल्या १३,८६१ जणींच्या पिशव्या काढलेल्या होत्या. त्यांच्या दुखण्याचं मूळ काय होतं हे कोणी धड शोधलं होतं का? या आजारात तर थर पिशवीच्या बाहेर असतो. पिशवी गेली आणि तो आत राहिला, तर दुखणंही राहू शकतं.

जनुक-तपासणी म्हटलं की चळवळीतल्या आम्हा जुन्या बायकांच्या पोटात गोळा येतो. १९८०च्या दशकात या शहरात गर्भजल तपासणीचं काय झालं ते आम्ही पाहिलं. आनुवंशिक आजार ओळखायला आलेली ती तपासणी मुलगी ओळखून पाडायला वापरली गेली. मुंबईतल्या संघटना लढल्या, १९८८ साली महाराष्ट्रात कायदा झाला, १९९४ला देशाचा झाला. तो धडा विसरायचा नाही. एन्डोमेट्रिऑसिस आहे की नाही हे सांगेल अशी कुठलीही जनुक-तपासणी आज डॉक्टरी वापरात नाही. कोणी तसं विकत असेल तर पैसे घालवू नका. आणि उद्या स्थळ बघताना "मुलीच्या घराण्यात तो आजार आहे का?" असं विचारायला लागले, तर ते आपण पहिल्याच दिवशी रोखलं पाहिजे.

मग अनुवंशाची ही माहिती कशाला हवी? तर मुलीला लवकर ओळखण्यासाठी. आजी जे वाक्य म्हणायची त्याचा अर्थ आम्ही उलटा लावला. घरात सगळ्यांचं दुखतं, म्हणून हे नेहमीचंच, असं आम्ही समजलो. खरं तर घरात सगळ्यांचं दुखतं, म्हणूनच या मुलीला आधी दाखवायला हवं होतं! आजार पिढ्यान्‌पिढ्या चालतो, आणि पिढ्यान्‌पिढ्या चालतो म्हणूनच तो आजार वाटत नाही. आमची चौदा वर्षं अशी गेली. जगभरात निदानाला सात-दहा वर्षं सहज जातात.

माझ्या भावाची मुलगी आता सोळा वर्षांची आहे. गेल्या वर्षी वहिनी मला सांगत होती, "वन्सं, पोरगी दर महिन्याला दोन दिवस कॉलेज बुडवते. पण म्हटलं, चालायचंच. तुमच्याकडे सगळ्यांचंच दुखतं ना!" माझ्या अंगावर काटा आला. माझी आत्या, मी, आणि आता ही. आणि या पोरीची आत्या मीच! आम्ही तिला घेऊन गेलो. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आईला किंवा मावशीला असा त्रास?" वहिनी म्हणाली, "नाही." मी म्हटलं, "बाई, वडिलांकडचंही विचारा." आणि सगळं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवून ऐकलं. सोनोग्राफी केली. पूर्वी दुर्बिणीने पाहिल्याशिवाय निदान मानत नसत. आता लक्षणं, तपासणी आणि सोनोग्राफीवरून उपचार सुरू करता येतात. तिला दुखण्याच्या आणि हार्मोनच्या गोळ्या दिल्या. वहिनी घाबरली, "लग्नाआधी असल्या गोळ्या? पुढे मूल होईल ना?" डॉक्टरीणबाईंनी समजावलं की या गोळ्यांनी मूल होण्याची क्षमता जात नाही, थांबवल्या की पाळी पूर्ववत होते. आजार मुळापासून घालवणारं औषध आज नाही, पण दुखणं आवरता येतं. पोरगी आता कॉलेजला जाते. तिला पुढे मूल हवं की नको, होईल की नाही, ते तिचं ती बघेल. निदान आंधळेपणाने बघणार नाही.

तेव्हा आपल्या मंडळांनी काय करायचं? एक, पाळीत शाळा किंवा काम बुडत असेल, गोळ्या घेऊनही दुखत असेल, संबंधाच्या वेळी किंवा शौचाला दुखत असेल, तर ते "चालायचंच" नाही, हे दारोदार सांगायचं. दोन, प्रत्येकीने घरातल्या बायकांची यादी करायची. आई, मावशी, आजी आणि न विसरता आत्या. कोणाचं दुखायचं, कोणाला मूल झालं नाही, कोणाची पिशवी काढली. ही यादी दवाखान्यात न्यायची. तीन, महापालिकेच्या दवाखान्यात आणि शाळांत याची माहिती मराठीत लागली पाहिजे, ही मागणी लावून धरायची. चार, आपल्या बायकांच्या रक्ताचे नमुने घेऊन जे संशोधन होतं त्याचे निष्कर्ष त्यांना त्यांच्या भाषेत कळले पाहिजेत, हा आपला हक्क आहे.

आणि पाचवं माझं स्वतःचं. गावी एखादी म्हातारी आत्या असेल, जिला सगळे वांझ म्हणून बाजूला ठेवतात, तिला या सुट्टीत जाऊन भेटा. तिला विचारा, "आत्या, तुझं फार दुखायचं का गं?" माझ्या आत्याला हे कोणीच विचारलं नाही. मीही नाही.